वीतभर जास्तीची खिडकी

घरातल्या सगळ्या खिडक्यांचं माप मी सुतापर्यंत बरोबर घेतलं आणि कूलरचं माप घ्यायचं विसरलो.

हे वाक्य पुण्या-नाशिकच्या माणसाला किरकोळ वाटेल. आमच्या यवतमाळात ते कुणाला सांगितलं की समोरचा हळू आवाजात विचारतो, "घरी म्हातारं माणूस कुणी आहे का?" आमच्याकडे उजेड आणि वारा ही खिडकीची जोडकामं. तिचं खरं काम कूलर धरणं. बाहेर भिंतीला लागून लोखंडी घोडी, घोडीवर कूलर, त्याचं तोंड खिडकीतून आत, आणि आजूबाजूच्या फटींत पुठ्ठे, जुन्या उशा, फाटक्या चादरी कोंबलेल्या. होळी झाली की गच्चीवरून कूलर उतरतो. त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलतात, पंप गुरगुरतो का ते पाहतात, आणि घर पुढच्या चार महिन्यांसाठी त्याच्या स्वाधीन होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी इथंच जन्मलो, इथंच घामोळ्यांनी वाढलो.

त्यातून माझा धंदा मोजणीचा. सरकारी नोकरीत जमिनी मोजत झरी जामणीच्या जंगलापासून उमरखेडच्या काळ्या रानापर्यंत फिरलो. दोन भावांच्या मधला बांध कुठून जातो हे मी सांगायचो आणि भाऊ मान्य करायचे, निदान मी गावात असेपर्यंत. निवृत्त झालो तरी लग्नाच्या पंगतीत बसल्यावर मंडप काटकोनात आहे की नाही हे मी आधी पाहतो. अशा माणसाच्या हातात टेप दिला की तो माप घेऊन थांबत नाही. जे वाकडं दिसेल ते सरळ करायला बघतो. माझं नेमकं तिथंच फसलं.

आमच्या खिडक्या सागाच्या होत्या. घर बांधताना बाबांनी वनखात्याच्या डेपोतल्या लिलावात स्वतः उभं राहून, प्रत्येक लाकडावर टिचकी मारून घेतलेला साग. चौकटी अजून दगडासारख्या होत्या, पण झडपा मात्र थकल्या होत्या. बिजागऱ्या लोंबत होत्या. वारा आला की काचा दातासारख्या वाजत. फटींतून डास, धूळ आणि शेजारच्या भांडणातले निवडक शब्द आत येत. गल्लीत सगळ्यांकडे सरकत्या काचांच्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या होत्या. मलाही हव्या होत्या. पण बाबांपुढे विषय काढायची सोय नव्हती. "साग काढून डबा बसवतोस का?" एवढं एकदा ते म्हणाले होते, आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी फक्त पाणी मागण्यापुरतं बोलले होते.

बाबांनी ऐंशी ओलांडलेली आहे. छाती अशक्त आहे. थंडीत ते माझ्या बहिणीकडे उमरखेडला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. या माघात ते गेले आणि मी ठरवलं की हीच वेळ. परत येतील तेव्हा नव्या खिडक्या पाहतील, दोन दिवस फुगतील, तिसऱ्या दिवशी डास चावले नाहीत म्हणून निवळतील. असा माझा हिशेब.

खिडक्या बनवणाऱ्या दुकानदाराने साधेपणाने विचारलं, "साहेब, माणूस पाठवू का माप घ्याले?"

मला ते लागलं. मी म्हणालो, "मोजणीत आयुष्य गेलं माझं. माप मी आणून देतो."

"मंग तं प्रश्नच मिटला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा होती की सुटका, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मापाच्या दिवशी मी बायकोला टेपचं टोक धरायला उभं केलं. रिकामटेकड्या नवऱ्याबरोबर राहण्याची तिची जी काही पद्धत आहे तिच्यात दोन गोष्टी येतात. सांगितलेलं करायचं आणि मनात आलेलं बोलायचं. मी प्रत्येक खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली घेतली. उंची दोन्ही बाजूंनी घेतली. मग कर्ण घेतले. कर्णांत फरक निघाला तेव्हा मला आतून फार बरं वाटलं. मी तिला समजावून सांगितलं की आपलं घर काटकोनात नाही, पूर्वेची भिंत किंचित कललेली आहे.

"इतके वर्षं उभं आहे ना बिचारं," ती म्हणाली. "आता त्याले कायले सांगता?"

तीन खिडक्या एका मापाच्या निघाल्या. चौथी, बाबांच्या खोलीतली, बाकीच्यांपेक्षा वीतभर रुंद. मी दोनदा मोजली. उंची तीच, रुंदी मात्र वीतभर जास्त, आणि तीही एकाच बाजूला. त्यामुळे खिडकी भिंतीच्या मध्यावर येत नव्हती. एका अंगाला सरकल्यासारखी दिसत होती. आयुष्यात इतक्या वेळा त्या खोलीत गेलो, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता एकदा आल्यावर मला दुसरं काही दिसेना.

"ही मोठी काहून असन पण?" बायको म्हणाली. "बाबाले एकडाव फोन लावून पाहा ना."

"मिस्त्री चुकला, दुसरं काय."

"बाबा उभे राहून मिस्त्रीले चुकू देतीन?"

हा प्रश्न चांगला होता. मी टेप गुंडाळला. फोन केला असता तर बाबा उमरखेडहून पायी निघाले असते, ही एक भीती. पण खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं. घरातली चूक मला सापडली होती आणि ती माझ्या बापाची होती. असा योग मुलाच्या आयुष्यात क्वचित येतो.

मी चारही खिडक्या एकाच मापाच्या सांगितल्या. बाबांच्या खिडकीतली ती वीत विटांनी भरून घेतली. त्यावर गिलावा आणि रंग. खिडकी भिंतीच्या बरोबर मध्यावर आली. एक काच सरकणारी, एक कायमची बसवलेली, असा नमुना मी पसंत केला होता, कारण तो दिसायला शांत वाटतो. काम झालं त्या संध्याकाळी मी चारही खोल्यांत फिरून खिडक्या सरकवत बसलो. आवाज येत नव्हता. मी बायकोला बोलावून तो न येणारा आवाज ऐकवला.

बाबा पाडव्यानंतर आले. त्यांनी खिडकीवर नखाने टिचकी मारली आणि माझ्याकडे पाहिलं. दोन दिवस फुगले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खोली अंधारी काहून वाटून राह्यली?"

"मोतीबिंदू असेल, बाबा," मी म्हणालो. "दाखवून आणू."

ते आपले डोळे चोळत राहिले. हे लिहिताना माझा हात थांबतो आहे, पण बोललो ते बोललो.

चैत्र संपत आला तेव्हा म्हणाले, "कूलर कधी लावता?"

यंदा अवकाळी पावसाने चैत्रभर रात्री गार होत्या, म्हणून तोवर मला आठवण झाली नव्हती. मी गच्चीवर गेलो. ताडपत्री काढली. आमचा कूलर बाजारातला नाही. बाबांनी तो इथल्याच एका लोहाराकडून बांधून घेतलेला, पत्र्याचा, लोखंडी कपाटाएवढा. खोलीत लावला तर दाराबाहेर स्वयंपाकघरापर्यंत हवा पोचते. त्याच्या तोंडावर टेप लावला तेव्हाच मला कळलं. आधी घामाने कळलं, मग आकड्याने. ती वीत कूलरची होती. घर बांधताना बाबांनी कूलर डोळ्यासमोर ठेवून ती खिडकी सोडली होती. एका बाजूला यासाठी, की बाहेर त्या अंगाला आडोसा आहे आणि कूलरवर दुपारचं ऊन पडत नाही. माझ्या बापाने जे योजून केलं होतं ते मी दुरुस्त केलं होतं.

त्या क्षणी खाली जाऊन सांगितलं असतं तर गोष्ट संपली असती. चार शिव्या, आठ दिवसांचं काम. मी खाली गेलो आणि म्हणालो, "बाबा, कूलरची मोटर जळालेली दिसते. वाइंडिंगला देतो."

"दे," ते म्हणाले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिला मी पुढचे कितीतरी दिवस पाठ देऊन होतो.

मोटर वाइंडिंगला दिली म्हणजे दोन दिवस मिळाले. दोन दिवसांत मिस्त्री आणू, विटा काढू, खिडकी बदलू, असं मनात होतं. पण वैशाख लागला होता आणि लग्नसराई होती. ज्या मिस्त्रीने विटा भरल्या होत्या तो भावाच्या लग्नाला गेला होता आणि तिथूनच मेव्हण्याच्या लग्नाला जाणार होता. दुसरा म्हणाला पुढच्या आठवड्यात. दुकानदार म्हणाला, "साहेब, चौकट पक्की बसली आहे. हात लावला की काच जाईन. मी आल्याशिवाय काही करू नका." आणि तो आला नाही.

बाबा रोज सकाळी विचारत, "आली का मोटर?" मी म्हणे, "कारागीर गावाला गेला आहे." ते म्हणत, "लग्नसराई आहे." माझ्या थापेला तेच आधार शोधून द्यायचे. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

एकदा बाबा देवळात गेले असताना कूलर बाहेरून टेकवून पाहिला. शेजारचे भाऊ मदतीला आले. ते एसटीचे जुने ड्रायव्हर, मला 'मोजणी साहेब' म्हणतात आणि त्यात आदराचा अंश शोधावा लागतो. चालू केल्यावर अर्धी हवा कायमच्या काचेवर आपटून परत जाई, उरलेली नव्या विटांवर. आत येई ती फुंकर. बाहेर पेरूच्या झाडाची पानं मात्र झोकात हलत होती.

"झाडाले गारवा होऊन राह्यला, साहेब," भाऊ म्हणाले.

एक छोटा प्लॅस्टिकचा कूलर आणून खोलीत ठेवला. बंद खोलीत त्याने दमट करून सोडलं. बाबांना श्वास लागला. ते उठून बसले आणि हाताने खूण केली, बंद कर. एसीचं म्हणाल तर भाऊंच्या घरी आहे. दुपारी आमच्या गल्लीत वीज इतकी दबते की तो नुसता कण्हतो आणि बंद पडतो. बाबांना परत बहिणीकडे पाठवावं तर त्या उन्हात उमरखेडची वाट. शिवाय तिला काय सांगायचं? मग खिडकीवर ओली पोती टांगली. फरशीवर पाणी मारलं. तेही जपून. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ केव्हा येईल हे नळालाच माहीत असतं, आणि ड्रमातलं पाणी प्यायलाही लागतं. मी दर तासाने पोती भिजवायचो आणि ती डोळ्यांदेखत वाळायची. वाळताना त्यांचा जो वास यायचा तो माझ्या लाचारीचाच आहे असं मला वाटायला लागलं होतं.

शेवटी बायको म्हणाली, "बाबाले सांगून टाका. नाई तं मी सांगतो."

"मिस्त्री परवा येणार आहे."

"मिस्त्री परवा येईन. परवापर्यंत ऊन थांबन का?"

ऊन थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच आभाळ पांढरं होतं. रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. बाबांनी सकाळी चहा अर्धा ठेवला. कैरीचं पन्हं दिलं, ते ओकून टाकलं. अंग तापलं होतं, पण घाम नव्हता. बायकोने तळपायाला कांद्याचा रस चोळला. मी ओली चादर पिळून त्यांच्या अंगावर टाकत होतो आणि चादर गरम होत होती. दुपार व्हायच्या आत त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"तुमी कोन्या गावचे?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही. बाबांनी मला आयुष्यात कधी तुम्ही म्हटलेलं नाही.

"बाबा, मी आहे."

"बसा," ते म्हणाले. हाताने खाटेची कड दाखवली, पाहुण्याला दाखवतात तशी. "पोरगा घरी नाई. मोटर आणाले गेला आहे. येईनच आता."

मी बसलो. ते माझी समजूत घालत होते, की मुलगा येईल, उशीर झाला आहे पण येईल, कारागीर गावाला गेला आहे, लग्नसराई आहे. मी सांगितलेली एकेक थाप ते मला परत सांगत होते, आणि त्यांच्या तोंडून त्या सगळ्या खऱ्या वाटत होत्या.

गल्लीतल्या डॉक्टरीणबाई आल्या. ऊन लागलं म्हणाल्या. हाताला सलाईन लावलं, ते मच्छरदाणीच्या दांडीला अडकवलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "कूलर नाही?"

"आहे," मी म्हणालो.

"मग लावत का नाही?"

मी मच्छरदाणीची दांडी नीट करायला लागलो. बायकोही बोलली नाही, आणि त्या न बोलण्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन.

"आत्ता यांना उन्हात हलवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोली गार करा. लघवी होते का बघा. संध्याकाळपर्यंत माणसं ओळखली नाहीत तर मग दवाखान्यात न्यावंच लागेल, आणि या वयात मी खात्री देत नाही." त्या अंगणातून जाताना उभ्या असलेल्या कूलरकडे एकदा पाहून गेल्या.

मी भाऊंच्या दारात गेलो. ते बनियनवर बसून टरबूज खात होते.

"घण आहे का?"

"काय फोडता?"

"खिडकी."

त्यांनी टरबुजाची फोड खाली ठेवली. "कोनाची?"

"माझीच."

त्यांनी घण दिला, छिन्नी दिली, वर पायात चप्पल घालून स्वतः निघाले. आम्ही बाबांची खाट उचलून मधल्या खोलीत नेली. बायको सलाईनची बाटली वर धरून बरोबर चालली. तिने दाराला ओली चादर बांधली, धूळ जाऊ नये म्हणून, आणि ती त्यांच्यापाशी पंखा घालत बसली.

मी आधी सरकणारी काच उचलून काढली. मग कायमची. ती निघेना. दुकानदाराने हात लावू नका म्हणून सांगितलं होतं तिलाच मी हात लावत होतो, आणि हळू लावत होतो, कारण त्या घटकेलाही माझ्या मनात काच वाचवायचा विचार होता. भाऊंनी तो ओळखला.

"साहेब, बाप वाचवाचा का काच?"

मी घण मारला. काच बाहेर पेरूखाली कोसळली. मग चौकट. ती चांगली बसली होती, माझ्याच मापाने बसली होती, एका सुताचीही फट नव्हती. त्यामुळे छिन्नी घुसायला जागाच मिळेना. माझ्या अचूकपणावर आयुष्यात इतकं कुणी चिडलं नसेल जितका मी त्या दुपारी चिडलो. शेवटी बाजूच्या विटांवर घाव घातले. नवा गिलावा पटकन सुटला. खालच्या विटा सुटेनात. घाम डोळ्यांत जाऊन दिसेनासं झालं तरी मी मारत राहिलो. एक घाव बोटावर बसला. भाऊ म्हणाले द्या इकडे. मी दिला नाही. का दिला नाही ते सांगता येणार नाही, पण त्या विटा दुसऱ्या कुणी काढलेल्या मला चालल्या नसत्या.

मधून मधून मी चादर बाजूला करून विचारायचो, "काय म्हणतात?"

"काई नाई म्हणत," बायको म्हणायची. तिने एवढंच म्हटलं की मी परत येऊन जोरात मारायचो.

ती वीत मोकळी झाली. वीत कसली, दीड वीत. कारण शेवटच्या घावाला जुन्या भिंतीचाही तुकडा आला, आणि वरून माती गळायला लागली. चौकट वाकून बाहेर आली. भिंतीला वेडंवाकडं भगदाड पडलं. त्यातून झळ थेट खोलीत आली. समजा कूलर आता लागलाच नाही तर? समजा पंप या दिवसांत बसला असेल तर? इतके दिवस मी जळाली म्हणत होतो ती मोटर खरंच जळाली असेल तर? मी देवाला मानतो, पण रोजच्या वापरात ठेवत नाही. त्या वेळी ठेवला.

भाऊंनी आणि मी कूलर घोडीवर चढवला. तोंड आत गेलं. दोन्ही बाजूंना जागा राहिली, वरही राहिली. तिथं पोती, गाद्या, बायकोची जुनी लुगडी, हाताला येईल ते कोंबलं. ड्रमातलं पिण्याचं पाणी टाकीत ओतलं. बायकोने ते पाहिलं आणि दुसरी बादली स्वतः आणून दिली. बटण दाबलं. पंखा आधी कुरकुरला, एका जागी थांबल्यासारखा झाला, आणि मग फिरला. पंपाने पाणी उचललं. ताट्या ओल्या व्हायला लागल्या. पहिल्यांदा गरम धुळीचा लोट तोंडावर आला. मग ओल्या वाळ्याचा वास, आणि मग गार हवा.

खाट परत खोलीत आणली. मी खाली फरशीवर, विटांच्या चुऱ्यात बसलो. भाऊ दारात उभे होते. सलाईन थेंब थेंब जात होतं. बाबांचे डोळे मिटलेले. छाती वरखाली होत होती, पण तशी ती दुपारीही होत होती. मी त्यांच्या तळपायाला हात लावून पाहत होतो. गरम. पुन्हा पाहत होतो. गरम. किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही. घड्याळ पाहिलं की संध्याकाळ झाली असेल, ही भीती होती.

कधीतरी तळपाय कोमट लागला. मी बायकोला लावून पाहायला सांगितलं, कारण माझ्या मापावर माझाच विश्वास राहिला नव्हता. तिने हात लावला आणि मान हलवली. थोड्या वेळाने बाबांनी ओठ हलवले. तिने चमच्याने पाणी घातलं. ते गिळलं. आणखी घातलं. मग लघवी झाली. भाऊंनी ते ऐकून "झालं" म्हटलं आणि तोंडावरून हात फिरवला. त्या एका बातमीचा मला जेवढा आनंद झाला तेवढा नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

उन्हं उतरायला लागली तेव्हा बाबांनी डोळे उघडले. आधी कूलरकडे पाहिलं. मग भगदाड, त्यात कोंबलेली लुगडी आणि गाद्या, खाली विटांचा ढीग, भाऊंच्या हातातला घण, आणि शेवटी माझं चिंधी बांधलेलं बोट. सगळं सावकाश पाहिलं. सलाईनचा हात हलवू नका म्हणून बायको सांगत होती, तरी त्यांनी तो थोडा उचलून भिंतीकडे केला.

"हे भिताड कोनं फोडलं?"

"यायनंच," बायको म्हणाली. "बाबा, मोटर जळलीच नोती. यायनं खिडकी लहान केलती, कूलर जाये नाई म्हणून..."

मी म्हणालो, "बाबा, माझं चुकलं."

त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. घसा कोरडा होता. बायकोने आणखी एक चमचा पाणी घातलं. ते गिळून त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं.

"फोडाले बरा आहे तो," बाबा म्हणाले. "बांधाले नको बसवू त्याले."